टी२०ई२: १९४६ च्या न झालेल्या लढाईसाठी एअरसॉफ्ट बंदूक

ऐतिहासिक एअरसॉफ्टमध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या गोळ्या झाडणाऱ्या बंदुकांनी जुन्या लढाया खेळण्याच्या छंदात, प्रोटोटाइप घेऊन उतरायचं असेल, तर आधी तारीख सांगता आली पाहिजे. जून १९४४ च्या नॉर्मंडीच्या खेळात टी२० मालिकेची बंदूक दिसली तर आयोजकाने ती बाजूला ठेवायला लावणं योग्यच आहे. तिची जागा आहे जपानच्या मुख्य भूमीवर ठरलेल्या आणि कधीच न झालेल्या आक्रमणात. क्यूशूवरचं ‘ऑलिंपिक’ १ नोव्हेंबर १९४५ ला व्हायचं होतं, होन्शूवरचं ‘कॉरोनेट’ मार्च १९४६ मध्ये. अमेरिकन सैन्याच्या एम१ गॅरँड रायफलला वीस गोळ्यांचं मॅगझिन आणि स्वयंचलित मारा जोडून टी२० मालिका घडवण्याचं काम जॉन गॅरँड यांनी स्प्रिंगफील्ड आर्मरीत १९४४ मध्ये हाती घेतलं. मे १९४५ मध्ये टी२०ई२ च्या एक लाख बंदुका बनवण्याचं ठरलं. ऑगस्टमध्ये जपान शरण आला तेव्हा प्रत्यक्षात शंभरेकच तयार होत्या. पुढे टी३७ आणि टी४४ असा प्रवास करत हीच वाट १९५७ मध्ये अमेरिकेच्या एम१४ रायफलपर्यंत पोहोचली. आपल्या दृष्टीने सगळ्यात उपयोगाची गोष्ट हीच, कारण एम१४ ची इलेक्ट्रिक एअरसॉफ्ट बंदूक सहज मिळते. म्हणजे नातवाच्या अंगावर आजोबांचा पोशाख चढवायचा आहे.

या लेखात एम१४ पासून टी२०ई२ ची प्रतिकृती कशी करायची ते सविस्तर देतो आहे. शेवटी दुसऱ्या प्रोटोटाइपना हीच पद्धत कुठपर्यंत लागू पडते तेही येईल.

एक नियम आधीच सांगतो आणि तो मोडू नका. खऱ्या बंदुकीचा एकही भाग यात वापरायचा नाही, निकामी केलेला किंवा भंगारातला असला तरी नाही. गॅरँडचं गॅस सिलिंडर (काडतुसाच्या वायूवर बंदूक चालवणारा नळीखालचा भाग), बटप्लेट (दस्त्याच्या मागच्या टोकाची पट्टी), बँड (नळी आणि लाकूड धरणारं कडं) हे सगळं एअरसॉफ्ट गॅरँडच्या सुट्या भागांत मिळतं किंवा थ्रीडी प्रिंटरवर छापून, ओतून करता येतं. खऱ्या भागांमुळे अनेक देशांत कायद्याचा प्रश्न उभा राहतो, आणि खेळाच्या गेटवर तपासणाऱ्याला ‘हे नक्की काय आहे’ हा प्रश्न पडता कामा नये.

एकच नमुना धरा

प्रोटोटाइपला ‘प्रमाण’ रूप नसतं. टी२०, टी२०ई१ आणि टी२०ई२ यांत फरक आहेत, आणि एकाच नावाखालच्या दोन बंदुकाही हुबेहूब सारख्या नसतात, कारण चाचणी चालू असतानाच भाग बदलले जात होते. एका फोटोतला मझल ब्रेक (धक्का कमी करणारा नळीच्या तोंडाचा भाग), दुसऱ्यातला दस्ता आणि तिसऱ्यातलं मॅगझिन जोडलं की कधीच अस्तित्वात नसलेली बंदूक तयार होते. म्हणून संग्रहालयातला एकच नमुना निवडा, त्याचे दोन्ही बाजूंचे फोटो मिळवा, आणि त्या नमुन्यात जे दिसत नाही ते लावू नका. अमेरिकन प्रोटोटाइपसाठी मॅसॅच्युसेट्समधलं स्प्रिंगफील्ड आर्मरीचं संग्रहालय हा पहिला पत्ता. ब्रिटिशांसाठी लीड्सचा नॅशनल फायरआर्म्स सेंटरचा संग्रह, जर्मनांसाठी कोब्लेंट्झचा वेअरटेक्निशे स्टुडिएनझामलुंग, सोव्हिएत नमुन्यांसाठी सेंट पीटर्सबर्गचं तोफखाना संग्रहालय.

फोटोवरून माप काढताना ज्ञात लांबीची वस्तू त्याच फोटोत आणि शक्य तितक्या त्याच पातळीवर हवी. एम१ गॅरँडची एकूण लांबी सुमारे ११०५ मिमी. ती शेजारी ठेवलेली असेल आणि फोटोत २६५२ पिक्सेल व्यापत असेल, तर एका मिलिमीटरला २.४ पिक्सेल पडतात. इतक्या बारकाव्यावर ८ मिमीचा फरक १९ पिक्सेलचा दिसतो, म्हणजे भरवशाने मोजता येतो. १ मिमीच्या आतल्या मापावर मात्र अशा फोटोवरून विश्वास ठेवू नये.

इथे हमखास होणारी चूक दृष्टिकोनाची असते. कॅमेऱ्याकडे ३० मिमी पुढे आलेला बोल्टचा हँडल, कॅमेरा दीड मीटरवर असेल तर सुमारे २ टक्के मोठा दिसतो. त्यामुळे बाहेर डोकावणाऱ्या भागांची मापं त्या फोटोतून काढायची नाहीत. फोटोच्या कडेला येणारी नळीची टोकंही लेन्सच्या विकृतीमुळे ताणली जातात. लांबून, झूम करून काढलेला फोटो नेहमी जास्त खरा असतो. दुसरं एखादं ज्ञात माप घेऊन ताळा करा. गॅरँडची साइट रेडियस, म्हणजे मागच्या साइटपासून पुढच्या साइटपर्यंतचं अंतर, सुमारे ७०९ मिमी आहे. त्याच फोटोत ते १७०० पिक्सेलच्या आसपास आलं पाहिजे. नाही आलं तर तो फोटो मापासाठी बाद.

आस आणि शून्य

सगळी मापं दोनच ठिकाणांपासून घ्या. उभी मापं आतल्या नळीच्या (बाहेरच्या दिखाऊ नळीत बसलेल्या, गोळी प्रत्यक्ष सोडणाऱ्या नळीच्या) आसापासून, आडवी मापं मागच्या साइटच्या छिद्रापासून. बाहेरचं कवच आखताना बहुतेक जण दस्त्याच्या वरच्या कडेपासून किंवा रिसीव्हरच्या (बंदुकीच्या मधल्या धातूच्या सांगाड्याच्या) तळापासून मोजायला लागतात. मग लाकूड अर्धा मिलिमीटर जास्त तासलं गेलं की पुढचं सगळं सरकत जातं, आणि शेवटी गॅस सिलिंडर नळीला तिरकं बसतं. आस हलत नाही. तो गिअरबॉक्सच्या (मोटर, गिअर आणि पिस्टनने हवा दाबणाऱ्या डब्याच्या) नॉझलने आणि हॉप-अप चेंबरने (गोळीला रबराने फिरकी देणाऱ्या भागाने) ठरवून दिलेला असतो, आणि कवच कितीही बदललं तरी बीबी, म्हणजे प्लास्टिकचा गोळा, त्याच रेषेत जाणार आहे.

याच कारणाने गिअरबॉक्स, हॉप-अप चेंबर आणि मॅगझिनची जागा या तिघांना हात लावायचा नाही. नॉझल आणि हॉपचं रबर यांच्यामध्ये अर्धा मिलिमीटर जरी फट पडली तरी हवा निसटते, वेग कमीजास्त होतो आणि बीबी नळीतून नुसता घरंगळत बाहेर पडतो. लोक मग स्प्रिंग बदलतात, रबर बदलतात. दोष असतो तो कवचाच्या ढिलेपणाचा.

कापाकापी सुरू करण्याआधी डोनर, म्हणजे जिच्यावरून बांधणी करायची ती मूळ एअरसॉफ्ट एम१४, जसाच्या तसा तपासून घ्या. ०.२० ग्रॅमच्या बीबीने दहा फैरींचा वेग क्रोनोग्राफवर (वेग मोजणाऱ्या यंत्रावर) नोंदवा, मग तीनेकशे बीबी एक-एक करून आणि सलग असे दोन्ही प्रकारे चालवा. ही नोंद पुढे फार कामाची असते. बांधणीनंतर वेग घसरला तर बिघाड तुमच्या कामात आहे की डोनरमध्येच होता हे तिच्याशिवाय कळत नाही.

कुठे कुठे फरक आहे

एम१४ आणि टी२०ई२ लांबून सारख्या वाटतात. जवळून पाहिलं की समोरचा निम्मा भाग वेगळा आहे.

एम१४ चं गॅस सिलिंडर नळीच्या तोंडापासून बरंच मागे आहे आणि तिची फ्रंट साइट फ्लॅश सप्रेसरवर बसते. गॅरँडचं, आणि म्हणून टी२०ई२ चं, सिलिंडर थेट तोंडाशी येतं आणि फ्रंट साइट त्या सिलिंडरच्याच पाठीवर असते. एम१४ ला वर एकच हँडगार्ड (नळीवरचं आवरण) आहे. गॅरँडला लाकडाचे दोन, मध्ये लोअर बँड. गॅरँडचा दस्ता त्या बँडच्या आधीच संपतो, आणि तिथून सिलिंडरपर्यंत नळीखाली ऑपरेटिंग रॉड उघडा दिसतो. एम१४ च्या बटप्लेटला खांद्यावर टेकवायची उघडणारी पट्टी असते, गॅरँडच्या बटप्लेटला नसते. नळीची लांबी गॅरँडची ६१० मिमी, एम१४ ची ५५९.

मॅगझिनचा फरक पुष्कळांच्या लक्षातच येत नाही, आणि माझ्या मते खरी कसोटी तोच आहे. टी२०ई२ .३०-०६ काडतुसाची आहे. त्या काडतुसाची पूर्ण लांबी सुमारे ८५ मिमी. एम१४ च्या ७.६२×५१ ची सुमारे ७१. म्हणजे टी२०ई२ चं मॅगझिन पुढून मागे जवळजवळ १४ मिमी जास्त रुंद असलंच पाहिजे. एम१४ चं मॅगझिन तसंच ठेवून केलेली प्रतिकृती बाकी कितीही देखणी असली, तरी जाणकाराला पहिल्या नजरेत खटकते.

रिसीव्हरही एम१४ चा आखूड आहे, आणि टी२०ई२ चा तर गॅरँडपेक्षाही किंचित लांब. जस्त-मिश्रधातूचा ओतीव रिसीव्हर मधोमध कापून लांब करणं हा वेडेपणा आहे. आत गिअरबॉक्स बसतो, आणि सांधा कितीही चांगला केला तरी तिथे ताण येतोच. त्याऐवजी रिसीव्हरच्या पुढच्या रिंगला अ‍ॅल्युमिनियमची कॉलर चढवा आणि मागचं हँडगार्ड त्या कॉलरनंतर सुरू करा. बोल्टची मोकळी जागा त्यामुळे वाढत नाही, ती तडजोड उरतेच. एकूण बाह्यरेषा मात्र बरोबर येते, आणि खेळाच्या मैदानावर पंधरा पावलांवरून बाह्यरेषाच दिसते.

पुढची बाजू

एम१४ ची साइट रेडियस सुमारे ६७९ मिमी. आपल्याला गॅरँडच्या ७०९ पेक्षा थोडी जास्त हवी, म्हणजे फ्रंट साइट डोनरच्या जागेपासून ३५ ते ४० मिमी पुढे न्यायची आहे. नेमका आकडा तुमच्या नमुन्याच्या फोटोवरून घ्या. साइटची जागा ठरली की सिलिंडरची ठरते, सिलिंडरची ठरली की बँडची, आणि मग हँडगार्डची लांबी आपोआप निघते. उलट क्रमाने, म्हणजे आधी लाकूड कापून, काम करू नका.

फ्लॅश सप्रेसर आणि डोनरचं गॅस सिलिंडर काढा. बाहेरची नळी वाढवण्यासाठी अ‍ॅल्युमिनियम ६०६१ ची नळी घ्या आणि सांध्यात आतून किमान ४० मिमी लांबीची स्लीव्ह घाला. स्लीव्ह आणि नळीमध्ये ०.०५ ते ०.१ मिमी फट पुरे. रिटेनिंग कंपाउंड लावून, वर १२० अंशांच्या अंतराने तीन एम३ ग्रब स्क्रू द्या, आणि ते हँडगार्डखाली झाकले जातील अशा ठिकाणी. नुसत्या इपॉक्सीवर भरवसा ठेवू नका. उन्हात नळी तापते, सांधा नरम होतो, आणि सिलिंडरच्या वजनाने नळी हळूहळू खाली झुकते. तसं झालं की बीबी ब्रेकच्या कडेला घासतो.

सांधा सरळ आहे का हे चिकटण्याआधी बघायचं. नळी काचेच्या जाड तुकड्यावर फिरवा आणि खालून प्रकाश टाका. एका फेऱ्यात प्रकाशाची फट उघडत-मिटत असेल तर सांधा वाकडा आहे.

आतली नळी लांब करण्याचा मोह टाळा. गिअरबॉक्सच्या सिलिंडरचा आतला व्यास साधारण २३.८ मिमी आणि पिस्टनचा प्रवास ५० मिमीच्या आसपास, म्हणजे हवा सुमारे २२ घनसेंटिमीटर. ५०० मिमी लांब आणि ६.०५ मिमी आतल्या व्यासाच्या नळीत १४.४ घनसेंटिमीटर मावतात. गुणोत्तर दीडपट, ठीक आहे. तीच नळी ५९० मिमी केली तर ते १.३ वर येतं, आणि जड बीबीला शेवटच्या टप्प्यात पुरेशी हवा मागून मिळत नाही. वेगात चढउतार सुरू होतात. डोनरची आतली नळी तशीच राहू द्या. तिचं टोक बाहेरच्या नळीत मागे राहिलं तरी चालतं, फक्त ते टोक डगमगता कामा नये. नायलॉनच्या तीन रिंगा द्या: एक हॉप-अपच्या थोडी पुढे, एक मध्ये, एक टोकापासून १० मिमी आत. शेवटच्या रिंगेने आतली नळी हाताने हलवून पाहिल्यावर अजिबात हलू नये, पण ती ठोकून बसवायचीही नाही. पितळी नळी दाबली गेली तर मारा कायमचा बिघडतो.

गॅस सिलिंडरच्या कड्यांचा आतला व्यास मोजून नळीवर तेवढ्याच मापाची बाही चढवा. सिलिंडर फिरू नये म्हणून खालून एक पिन द्या. फ्रंट साइट उभी आहे का हे मागच्या साइटच्या छिद्रातून न पाहता गुण्याने तपासा. मागची साइटच थोडी तिरकी असेल तर डोळा फसतो.

ऑपरेटिंग रॉड दिखाऊच करायचा. १२ ते १३ मिमी व्यासाची पातळ पोलादी नळी सिलिंडरच्या मागच्या तोंडात अडकवा आणि दस्त्याच्या पुढच्या टोपीत शिरवा. उजव्या बाजूचा हँडल डोनरचाच राहील. तो मागे ओढल्यावरच हॉप-अपची चावी दिसते, म्हणून तो मोकळा हवा. डोनरचा रॉड दस्त्याच्या टोपीच्या मागे, झाकलेल्या जागी कापून दिखाऊ रॉडपासून सुटा करा. दोन्ही जोडले तर प्रत्येक वेळी सिलिंडरवर धक्का बसेल.

मझल ब्रेक लेथवर केला तर उत्तम. भोक आतून किमान ८ मिमी ठेवा. बीबी ६ मिमीचा आहे म्हणून ७ पुरेल असं वाटतं, पण हॉपमुळे तो फिरत असतो आणि नळीचं टोक मागे आहे. जरासा तिरकेपणा असला की कडेला टेकतो आणि भलतीकडे जातो. ब्रेक १४ मिमी डाव्या आट्याचा केलात तर एअरसॉफ्टचे बहुतेक ट्रेसर (बीबी उजळवणारी जोडणी) आणि नारिंगी टोक त्याच जागी बसतात. जिथे नारिंगी टोक सक्तीचं आहे तिथे ते काढायचा प्रश्नच नाही.

मॅगझिन

डोनरचं मिड-कॅप (स्प्रिंगने बीबी वर ढकलणारं, मध्यम क्षमतेचं) मॅगझिन आतल्या गाभ्यासारखं वापरायचं आणि त्याभोवती रुंद कवच बसवायचं. जास्तीचे १४ मिमी पुढच्या बाजूला घ्या, मागे ट्रिगर गार्ड आहे. दस्त्यातली मॅगझिनची खाच तेवढीच पुढे वाढवावी लागते, आणि तिथे लाकूड पातळ होतं. आतून २ मिमीची पोलादी पट्टी इपॉक्सीने बसवा, नाहीतर मॅगझिन ठोकून बसवण्याच्या सवयीने तिथूनच चीर जाते.

मॅगझिन कॅच फक्त आतल्या गाभ्यालाच धरेल असं ठेवा. कवचाने कॅचचा भार घेतला तर छापील प्लास्टिक झिजतं, मॅगझिन अर्धा-एक मिलिमीटर खाली लटकतं, आणि बीबीचा पुरवठा मधूनच तुटतो. एक बीबी सुटतो, दोन कोरे आवाज, पुन्हा एक. हा बिघाड बॅटरी उतरल्यासारखा वाटतो, म्हणून शोधायला वेळ लागतो. मॅगझिन हाताने वर दाबून चालवून पाहा. दाबल्यावर नीट चाललं तर दोष उंचीचा.

कवच ०.५ मिमी पोलादी पत्र्याचं करता आलं तर फारच छान. पत्रा वाकवताना आतली त्रिज्या पत्र्याच्या जाडीपेक्षा कमी ठेवू नका. छापणार असाल तर पीएलए हे प्रिंटरचं प्लास्टिक टाळा. ते साधारण ६० अंशांना नरम पडतं, आणि बंद गाडीत काळ्या वस्तूचं तापमान तिथवर सहज जातं. एबीएस किंवा एएसए वापरा आणि आकुंचन धरूनच मॉडेल करा. एबीएस सुमारे ०.७ टक्के आटतं, २०० मिमीच्या भागात ते १.४ मिमी होतात, म्हणजे मॅगझिन बसणार की नाही हे त्यावरच ठरतं. थरांची दिशाही बघा. कवच आडवं छापलं तर थर लांबीच्या दिशेने जातात आणि पडलं तरी टिकतं. उभं छापलेलं पहिल्याच आपटीत थरावर तुटतं.

अनेक ऐतिहासिक खेळांत मॅगझिनमधल्या बीबींची संख्या खऱ्या बंदुकीइतकीच ठेवायला सांगतात. वीसच भरायचे असतील तर मिड-कॅपची स्प्रिंग अर्धवटच दाबली जाते आणि पहिले काही बीबी जोर न लागता वर येतात. मार्गिकेच्या तळाशी लाकडी ठोकळा भरून प्रवास कमी केला की पुरवठा पुन्हा एकसारखा होतो.

लाकूड

अक्रोड घ्या, किंवा बर्च घेऊन रंगवा. रेषे मनगटाच्या जागी, म्हणजे ट्रिगरच्या मागे दस्ता जिथे बारीक होतो तिथे, दस्त्याच्या लांबीला समांतर जायला हवेत. लाकडाचा ठोकळा निवडताना मी फक्त हेच बघतो. रंग आणि गाठी नंतर. तिथूनच बॅटरीची वायर जाते. तिला ८ मिमीचं भोक पुरतं, आणि चारही बाजूंना किमान ६ मिमी लाकूड राहिलं पाहिजे.

डोनरच्या लाकडी दस्त्याला गिअरबॉक्सची खोबण तयार असते, म्हणून सुरुवातीला नवा कोरण्यापेक्षा तोच बदलणं शहाणपणाचं. पुढचा भाग फेरुलपाशी, म्हणजे दस्त्याच्या पुढच्या टोपीपाशी, कापा, मॅगझिनची खाच वाढवा, बटप्लेट गॅरँडची लावा. बॅटरी बटमध्येच राहते, त्यामुळे प्लेट एका स्क्रूवर आणि एका पिनवर निघेल अशी करा. लाकडात थेट स्क्रू वारंवार काढ-घाल केला की आटे झिजतात, तिथे पितळी इन्सर्ट बसवा.

१२०, १८०, २४० असा पॉलिश पेपर. शेवटच्या घासणीआधी ओल्या फडक्याने लाकूड पुसून वाळू द्या, तंतू उभे राहतात, मग हलक्या हाताने घासा. नंतर कच्च्या जवसाच्या तेलाचे पातळ हात. प्रत्येक हात वीस मिनिटांनी पुसून काढायचा, दुसऱ्या दिवशी पुढचा. पाच-सहा हातांनी तो जुना, कोरडा लाल-तपकिरी रंग येतो. पॉलीयुरेथेनची चकाकी या काळाच्या बंदुकीवर चुकीची दिसते. तेल लागलेली फडकी चुरगाळून टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून टाका.

रंग आणि खुणा

खऱ्या बंदुकीचा राखाडी-हिरवा फॉस्फेटचा थर फक्त पोलादावर येतो. डोनरचा रिसीव्हर जस्ताचा असतो. तो फॉस्फेटच्या आम्लात टाकला तर गंजल्यासारखा खड्डेदार होऊन बाहेर येतो. कोल्ड ब्लूचंही (पोलाद काळसर करणाऱ्या रसायनाचंही) तेच. म्हणून सगळीकडे एकच रंग: बारीक वाळूने मॅट करा, अ‍ॅसिटोनने तेलकटपणा काढा, मग हवेत वाळणारा इपॉक्सी रंग. भट्टीत भाजायचा रंग वापरलाच तर तापमान १०० अंशांच्या आत ठेवा. ओतीव जस्तात हवेचे बुडबुडे अडकलेले असतात आणि जास्त तापवल्यावर पृष्ठभागावर फोड येतात. पोलादी आणि जस्ती भाग शेजारी आले की रंगाची छटा वेगळी दिसते, म्हणून पोलादालाही फॉस्फेट न करता तोच रंग द्या.

डोनरच्या रिसीव्हरच्या मागच्या टोकावर ७.६२ मिमी एम१४ असं कोरलेलं असतं. ते काडतूस नाटोने १९५४ मध्ये स्वीकारलं. १९४६ च्या खेळात ते अक्षर दिसणं म्हणजे सगळ्या मेहनतीवर पाणी. धातूच्या पुट्टीने भरा, घासा, आणि नमुन्यात जे लिहिलंय तेवढंच कोरा. अनुक्रमांक मात्र संग्रहालयातल्या बंदुकीचा घेऊ नका.

वीज, वेग, तपासणी

७.४ व्होल्टची लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी पुरेशी आहे. ११.१ लावून मारा वाढवायचा तर मॉस्फेट (मोटरचा प्रवाह स्वतः सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) हवाच, नाहीतर ट्रिगरचे संपर्क जळतात. वायर १६ गेज, फ्यूज २० ते २५ अँपिअर आणि तो बॅटरीच्या जवळ. मनगटातल्या भोकाच्या दोन्ही तोंडांना रबरी ग्रोमेट घाला. लाकडाची कड वायरचं आवरण कापते, आणि शॉर्ट झालेली लिपो लाकडी बटमध्ये असणं किती वाईट हे सांगायला नको.

ऊर्जेचा हिशेब सोपा आहे. ०.२० ग्रॅमचा बीबी १०० मीटर प्रति सेकंद गेला की १ ज्यूल. ब्रिटनमध्ये स्वयंचलित एअरसॉफ्टची कायदेशीर मर्यादा १.३ ज्यूल आहे, एक-एक मारणाऱ्याची २.५. टी२०ई२ ला स्वयंचलित मारा असल्यामुळे तिथे १.३ चीच मर्यादा लागते, म्हणजे ०.२० वर ११४ च्या आत. जर्मनीत स्वयंचलितला ०.५ ज्यूल, म्हणजे सुमारे ७० मीटर प्रति सेकंद, आणि त्यासाठी स्प्रिंग बदलावीच लागते. मैदानाची मर्यादा याहून कमी असू शकते. बांधणीनंतर पुन्हा तीच दहा फैरींची नोंद काढा. आधीच्या सरासरीपेक्षा ५ टक्क्यांहून जास्त घसरण असेल तर रंगरंगोटी थांबवून हॉप-अपची जागा तपासा. चाचणी घेताना कार्यशाळेतही चष्मा हवाच, युरोपीय ईएन १६६ मानकाच्या ‘बी’ वर्गाचा, जो १२० मीटर प्रति सेकंदाच्या धडकेला तपासलेला असतो. साधे सुरक्षा चष्मे बहुधा ‘एफ’ वर्गाचे असतात, ते ४५ पर्यंतच.

दुसरे प्रोटोटाइप

टी२०ई२ सोपी पडते कारण डोनर तिचाच वंशज आहे. इतर ठिकाणी निवड एका मापावर ठरते: ट्रिगर आणि मॅगझिन यांतलं अंतर. इलेक्ट्रिक गिअरबॉक्समध्ये ट्रिगर आणि नॉझल एकाच डब्यात असतात, आणि मॅगझिन नॉझलच्या लगेच पुढे येतं. म्हणजे हे अंतर गिअरबॉक्सच्या जातीनेच पक्कं होतं. नमुन्याच्या फोटोत ते जुळत नसेल तर बाकी सगळं जुळूनही उपयोग नाही.

जर्मन माउझर कंपनीची एसटीजी ४५(एम) रायफल, जिचे तीसच बंदुकांपुरते भाग तयार झाले होते, तिला पूर्ण कवच नव्याने बांधावं लागतं. तिथे व्हर्जन ३ चा (एअरसॉफ्ट गिअरबॉक्सचा एक प्रमाण प्रकार) गिअरबॉक्स घ्या. त्याची मोटर स्वतःच्या पिंजऱ्यात असते, त्यामुळे गिअरबॉक्स आणि मोटर एकाच तुकड्यात पोलादी सांगाड्यावर बसवता येतात. व्हर्जन २ ची मोटर पिस्तुल-ग्रिपच धरून ठेवते. घरी केलेली ग्रिप जराशी हलली की पिनियन आणि बेव्हल गिअर दात खातात.

ब्रिटिश ईएम-२ ची अडचण वेगळी. १९५१ मध्ये ‘रायफल नंबर ९ मार्क १’ म्हणून स्वीकारलेली आणि त्याच वर्षी सरकार बदलल्यावर सोडून दिलेली ही बुलपप बंदूक. मॅगझिन ट्रिगरच्या मागे आहे. गिअरबॉक्स बटमध्ये जातो, ट्रिगर बराच पुढे राहतो. लांब लोखंडी दांड्याने ओढायचा प्रयत्न केला तर दांडा लवतो आणि ट्रिगर मऊ, अनिश्चित लागतो. पुढे मायक्रोस्विच आणि मागे मॉस्फेट, मध्ये दोन बारीक सिग्नल वायरी, हाच नीट उपाय. सेफ्टी मात्र यांत्रिकच ठेवा, स्विचचा दाबच अडवणारी. इलेक्ट्रॉनिक सेफ्टीवर विसंबलेली बंदूक मैदानावर आणू नये.

तयार बंदूक पहिल्या खेळानंतर एकदा पूर्ण उघडा. सांध्याचे ग्रब स्क्रू, लोअर बँडचा स्क्रू आणि मनगटातली वायर या तीन जागा पहिल्याच दिवशी ढिल्या पडतात किंवा घासतात. ग्रब स्क्रूंना निळा थ्रेडलॉकर लावून पुन्हा आवळा, आणि नळी परत काचेवर फिरवून पाहा.